वाचकांचे प्रश्न : टॅनरच्या चित्रातला मुलगा राखाडी का दिसतो?

प्रश्न : अमेरिकी चित्रकार हेन्री ओसावा टॅनर यांच्या ‘द बँजो लेसन’ची (कृष्णवर्णीय आजोबा नातवाला बँजो हे तंतुवाद्य शिकवताहेत, ते चित्र) तैलरंगात नक्कल करते आहे. मुलाचा चेहरा कधी राख फासल्यासारखा होतो, तर कधी नुसता काळा डाग. काय चुकतंय?
– एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : चेहऱ्याआधी मागची भिंत बघा. टॅनर यांनी 1893च्या या चित्रात गडद डोकी फिकट भिंतीवर ठेवली आहेत, त्यामुळे ती उठून दिसायला त्वचा उजळावी लागत नाही. भिंत गडद झाली की चेहऱ्यात पांढरा घालावा लागतो आणि तिथेच राख दिसू लागते. म्हणून भिंत आणि टेबलावरचं कापड आधी लावा.

चित्रात प्रकाश दोन आहेत : डावीकडून दिवसाचा निळसर, उजवीकडून चौकटीबाहेरच्या चुलीचा तांबूस. आजोबा आणि नातू हे दोन्ही प्रकाश जिथे मिळतात तिथेच आहेत, म्हणजे त्वचेचा एकच रंग कालवून भागणार नाही. पाया म्हणून बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) दोन भाग, अल्ट्रामरीन (गडद निळा) एक भाग; नळीतला काळा नकोच. उबदार बाजूला त्यात बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा). थंड बाजूला अल्ट्रामरीन जरा वाढवा. पांढरा अगदी शेवटी, ब्रशच्या टोकावर येईल तेवढाच. टायटॅनियम व्हाइट रंगाची ऊब मारतो.

अंबर सुकताना तेल आत ओढलं जातं आणि भाग मॅट, फिकट दिसतो. ती राख रंगाची नव्हे. पूर्ण सुकल्यावर फडक्याने जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवून लगेच पुसा. रंगाचा गडदपणा परत येतो.

मूळ चित्र साधारण 49 इंच उंच आणि 35.5 इंच रुंद आहे. 18 इंच रुंद, 24 इंच उंच कॅनव्हासवर रुंदीत अर्ध्या इंचाहून थोडं जास्त उरेल. तेवढं टेपने झाका, आकृत्या ताणू नका.

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनात एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी चित्रांतली कृष्णवर्णीय मुलं दाखवायची आहेत. कोणती निवडू?
– एक कलाशिक्षक, नौपाडा, ठाणे

उत्तर : चेहरा हसरा आहे का, यावर जाऊ नका, त्या काळच्या टवाळ चित्रांतही मुलं हसरीच असायची. मूल कशात गुंतलंय ते बघा. टॅनर यांच्या ‘द बँजो लेसन’मधला मुलगा तारांवरची बोटं बघतोय, आपल्याकडे नाही. बँजो हे गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून केलेल्या टिंगलीतलं ठरलेलं वाद्य होतं, तेच इथे शिकवणीचं झालंय. थॉमस ईकिन्स यांच्या 1878च्या जलरंगातल्या नाचणाऱ्या मुलाच्या खोलीत भिंतीवर लिंकन आणि त्यांच्या मुलाची तसबीर आहे. मुलांना ती शोधायला लावा. विन्स्लो होमर यांचं 1877चं ‘ड्रेसिंग फॉर द कार्निव्हल’ही घ्या.

‘बेलिझेअर अँड द फ्रे चिल्ड्रन’ मात्र वेगळं लावा. 1837च्या सुमाराचं, न्यू ऑर्लिन्सचं हे चित्र जाक आमान्स यांचं मानलं जातं. मालकाच्या तीन मुलांमागे पंधरा वर्षांचा गुलाम बेलिझेअर उभा आहे. पुढे त्याच्यावर रंग फासून त्याला झाकलं गेलं. 2005च्या साफसफाईत तो पुन्हा दिसला. मालकाने करवून घेतलेलं चित्र सन्मानाचं म्हणायचं का, यावर वर्गात वाद होऊ द्या.

ए-थ्री छपाईला 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 3508 बाय 4961 पिक्सेल लागतात, 150 डीपीआयला दोन्ही बाजूंना निम्मे. कागद मॅट घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट पडली की गडद चेहरेच आधी दिसेनासे होतात.