फालतू केसेसना कायद्याने आळा घातला तर फायदा कर्जदाराचा की वसुलीवाल्यांचा?

वसुलीवाल्यांचा. एका शब्दात हवं असेल तर इथेच थांबा.

केस फालतू आहे हे आधी कोण म्हणतं? ज्याच्यावर केस झाली तो. मी तासगाव तालुक्यातला. सेकंडहँड ट्रॅक्टरवर एका खासगी फायनान्सचं कर्ज होतं. वसुलीचा पोरगा बेदाणा शेडवर यायचा, रोख हप्ता घ्यायचा, पुस्तकातली पावती फाडून द्यायचा. कर्ज फिटलं म्हणून एनओसी (काही येणं बाकी नसल्याचा दाखला) मागायला गेलो, तर खातेउताऱ्यात दोन हप्ते जमाच नाहीत आणि त्यावर दंडव्याज चढलेलं. पोरगा नोकरी सोडून गेलेला. शाखेतले साहेब म्हणाले, "पैसे त्याला दिलेत, आम्हाला नाही." अहो, पावतीवर नाव तुमचं, शिक्का तुमचा!

ग्राहक मंचात गेलो. कंपनीचं लेखी म्हणणं आलं: सदरची तक्रार खोटी, खोडसाळ व केवळ पैसे उकळण्याच्या हेतूने दाखल केलेली असल्याने खर्चासह फेटाळण्यात यावी. वकील हसले. म्हणाले, हे वाक्य सगळ्याच केसमध्ये टाकतात, मनावर घेऊ नका. मी घेतलं. तेव्हा १९८६ चा कायदा होता आणि त्यात कलम २६ होतं, खोडसाळ तक्रार ठरली तर तक्रारदारावर दहा हजारांपर्यंत खर्च बसवता यायचा. घरात हे कळल्यावर रोज एकच, "माघार घ्या, भरून टाका." कंपनीला तेच हवं होतं.

पावत्या कार्बनच्या, शाई उडालेली. उन्हात तिरक्या धरल्या की नंबर दिसायचा. ते नंबर उतरवून अर्ज दिला की कंपनीने पुस्तकाची स्थळप्रत, म्हणजे त्यांच्याकडे राहणारी प्रत, हजर करावी. तारखांवर तारखा पडल्या, पुस्तक काही आलं नाही. निकाल माझ्या बाजूने लागला. दंडव्याज रद्द झालं, एनओसी मिळाली, आरटीओत एचपी (ट्रॅक्टरवरचा कर्जाचा बोजा) उतरली. नुकसानभरपाई म्हणाल तर वकिलांची फी निघाली एवढीच.

आता आमचे साडू. ते एका पतसंस्थेत वसुलीला आहेत. कुठल्याही लग्नात पंगत बसली की सुरू, "लोक पैसे बुडवायलाच केस करतात. आधी डिपॉझिट भरायला लावा, मग बघा." साडूभाऊ, तुमच्याकडे तर ते आहेच की! सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की त्यावर रिव्हिजनला (दाखल्याच्या फेरतपासणीला) जायचं तर कलम १५४ प्रमाणे आधी येणे रकमेच्या ५० टक्के संस्थेत भरावे लागतात. अडकतो कोण? सही करून बसलेला जामीनदार. खरा बुडव्या रिव्हिजनच्या भानगडीत पडतच नाही, त्याने जमीन कधीच बायकोच्या नावावर केलेली असते.

आणि कर्ज देणाऱ्याने फालतू दावा लावला तर? दिवाणी संहितेत कलम ३५अ आहे, खोट्या दाव्याबद्दल भरपाई. कमाल मर्यादा तीन हजार रुपये. फायनान्स कंपनीला ते चहापाणी झालं. आळा घालायचाच तर हा आकडा वाढवा, मग बोलू.

खोट्या तक्रारी होतच नाहीत असं मी म्हणत नाही. हप्ते थकवायचे आणि गाडी ओढून नेऊ नये म्हणून मंचातून स्टे आणायचा, हे आमच्याकडेही चालतं. त्यांना दंड बसला तर मला वाईट वाटणार नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर २०१९ च्या ग्राहक कायद्यात ते कलम २६ आता नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर येत असतील तर ते रिझर्व्ह बँकेच्या सूचनांविरुद्ध आहे. आधी कंपनीला लेखी कळवा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार होते. कर्ज कुणाचं ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. पतसंस्थेचं असेल तर हा लोकपाल चालत नाही, सहकारी संस्थांचं निबंधक कार्यालय गाठावं लागेल, आणि त्या ५० टक्क्यांची सोय आधी बघा. साडू याला पळवाट म्हणतील. म्हणू देत, निकालाची झेरॉक्स मी त्यांना दिवाळीच्या फराळाबरोबर पाठवली आहे.