'अवतार', 'देहधारण' की 'मनुष्य झाला'?

विचारणा अशी आहे : येशूच्या जन्माविषयी लिहिताना 'अवतार' हा सर्वांना समजणारा शब्द हाताशी आहे. मग ख्रिस्ती लेखनात 'देहधारण' का लिहितात? अर्थ एकच ना?

जवळचा आहे, एकच नाही. 'अवतार' म्हणजे खाली उतरणे. देव खाली आला असे ख्रिस्ती श्रद्धाही मानते, म्हणून या शब्दाला सरसकट चूक ठरवणे मला पटत नाही. वेंगल चक्कराई आणि ए. जे. अप्पासामी या विसाव्या शतकातल्या ख्रिस्ती विचारवंतांनी तो जाणूनबुजून वापरला. मात्र दोघांनाही त्याला पुस्ती जोडावी लागली. हा अवतार संपत नाही, कायम राहतो, असे चक्कराईंनी सांगितले. तो एकमेव आहे, असे अप्पासामींनी.

ही पुस्ती का लागते ते पाहू. गीतेत 'संभवामि युगे युगे' आहे. धर्माला ग्लानी आली की देव पुन्हा येतो आणि कार्य झाले की देह ठेवतो. जरा नावाच्या व्याधाचा बाण निमित्त होतो आणि कृष्ण निजधामास जातो. याउलट बायबलच्या नव्या करारातले इब्री लोकांस पत्र ख्रिस्ताच्या बलिदानाबद्दल 'एकदाच' हे पुन्हापुन्हा बजावते. आणि देह? योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित (मरणातून उठलेला) येशू थोमा या शिष्याला हातांवरचे व्रण दाखवतो, कुशीतल्या जखमेत हात घालायला सांगतो. लूकच्या शुभवर्तमानात तो शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. मरणानंतरही देह सुटलेला नाही, जखमांसकट सोबत आहे! ख्रिस्ताचे शरीर हा नुसता भास होता, असे म्हणणारे गट सुरुवातीच्या शतकांत होते; चर्चने ते मत नाकारले. इ.स. 451 च्या खाल्सेदोन इथल्या चर्चच्या धर्मपरिषदेने ख्रिस्ताविषयी 'पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य' असा निर्वाळा दिला.

आता 'देहधारण'. खरे तर हाही शब्द पुरता बसत नाही. आपण वेष धारण करतो, शस्त्र धारण करतो. जे धारण केले ते उतरवताही येते. मराठी बायबलात योहान 1:14 ला 'शब्द देही झाला' असे आहे ('शब्द' म्हणजे ख्रिस्त). त्यातले 'झाला' हे क्रियापद अगदी नेमके. पण गीतेचा दुसरा अध्याय मुखोद्गत असलेल्याला 'देही' म्हटले की जुनी वस्त्रे टाकावीत तशी शरीरे टाकणारा आत्माच आठवणार. म्हणजे नको तो अर्थ मागच्या दाराने पुन्हा आत.

म्हणून माझे मत : पारिभाषिक संज्ञा हवी तिथे रुळलेला 'देहधारण' ठेवावा, पण वाक्यात सरळ 'देव मनुष्य झाला' लिहावे. निकेयाच्या मतांगीकारातही (ख्रिस्ती श्रद्धेच्या प्राचीन जाहीरनाम्यातही) 'देही झाला' याच्या जोडीला 'मनुष्य झाला' आहेच. दोन परंपरांची तुलना चालली असेल तर 'अवतार' जरूर वापरा, फक्त फरक तिथल्या तिथे सांगा.

इस्लामशी संवाद असेल तर यांतला कोणताच शब्द वाट सोपी करत नाही. देव एखाद्या देहात उतरतो या कल्पनेला तिथे 'हुलूल' म्हणतात, आणि ती अमान्य आहे. तिथे 'शब्द' या शब्दापासून सुरुवात केलेली बरी, कारण कुराणातही (4:171) ईसाला, म्हणजे येशूला, अल्लाहचा 'कलिमा' (शब्द) म्हटले आहे. अर्थात त्याच आयतीत तो प्रेषित आहे आणि देव 'तीन' म्हणू नका असेही बजावले आहे, त्यामुळे वाटा तिथूनच फुटतात.