सायकलचा रोजचा वापर वाढतोय, या बातम्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

तुमचा प्रश्न असा आहे की, रोजच्या कामांसाठी सायकल वापरणारे वाढत असल्याच्या बातम्या सतत दिसतात, पण वर्तमानपत्रं हे चित्र खरं दाखवतात का? मी कामावर सायकलनेच जाते आणि अशा बातम्यांची कात्रणं बऱ्याच वर्षांपासून ठेवत आले आहे. माझ्या मते वाढ बहुतेक वेळा खरी असते. बातमीत दिसत नाहीत ती माणसं, ज्यांच्यासाठी सायकल हे रोजचं वाहन आहे.

आधी फोटोच बघा. सकाळचं कोवळं ऊन, मोकळा रस्ता, हेल्मेट, गॉगल, अंगाला चिकटलेली जर्सी, बारीक टायरची सायकल. तिला मडगार्ड नसतं, स्टँड नसतो, कॅरिअर नसतं. मजकूर रोजच्या वापराचा असला तरी फोटो रविवारच्या फेरीचा असतो. रोज सायकल चालवणारा माणूस साध्या शर्ट-पँटमध्ये असतो. साखळीचं वंगण लागू नये म्हणून पँटचा पाय दुमडलेला, मागे कॅरिअरला पिशवी करकचून बांधलेली. माझ्या कात्रणांत असा फोटो क्वचितच सापडतो, आणि सापडला तर तो इंधन दरवाढीच्या बातमीबरोबरचा असतो.

असं होतं, कारण वर्तमानपत्राला नावीन्य लागतं. मोटार दारात असूनही एखादा अधिकारी सायकलने कचेरीत गेला की बातमी होते. ज्याच्याकडे दुसरं वाहन कधीच नव्हतं आणि जो पहाटेच्या पाळीला अंधारातून सायकल मारत जातो, त्याच्यावर कुणी दोन ओळी लिहीत नाही. मग सायकल चालवणं हा त्या अधिकाऱ्याचा सद्गुण ठरतो. तो पर्यावरणप्रेमी, तो तंदुरुस्तीबद्दल जागरूक! खरं तर बहुतेक लोक सायकल घेतात ती जवळच्या अंतराला सोपी आणि स्वस्त पडते म्हणून. मला हे फार खटकतं. सद्गुणाची बातमी कौतुकावर संपते, आणि त्या माणसाला सुरक्षित रस्ता मिळाला का, हे विचारायचं राहूनच जातं.

आकड्यांबद्दल थोडक्यात. ‘वापर दुप्पट’ असं वाचलंत तर मूळ आकडा शोधा, कारण शंभरात एकाचे दोन झाले तरी ते दुप्पटच. विक्री आणि वापर या वेगळ्या गोष्टी आहेत. २०२० च्या महासाथीत अनेक देशांत दुकानांतल्या सायकली संपल्या होत्या, पण विकलेली प्रत्येक सायकल पुढे रोज रस्त्यावर आली असं नाही. मी स्वतः एक गोष्ट हमखास बघते, ती म्हणजे चालवणाऱ्यांत बायका किती. रस्ता सुरक्षित वाटत असेल तिथे त्यांचं प्रमाण वाढतं. नेदरलँड्समध्ये तर बायका पुरुषांपेक्षा जास्त सायकल चालवतात. वाढीच्या बातमीत ही माहिती नसेल तर मला ती अपुरी वाटते.

वापर थोडा वाढून सायकलसाठी वेगळी मार्गिका आखली गेली की बातमीचा सूर बदलतो. मथळ्यात ‘वाद’ येतो. एक सायकलवाला आणि एक चिडलेला दुकानदार यांची प्रत्येकी दोन वाक्यं छापली की दोन्ही बाजू झाल्या असं मानलं जातं. दुकानदार म्हणतो, गाड्या लावायला जागा गेली, आता गिऱ्हाईक येणार नाही. त्याची भीती खरी असते, पण ती पडताळून बघता येते. बर्लिनमधल्या दोन बाजारपेठांच्या रस्त्यांवर संशोधकांनी हे केलं आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुकानदारांचा अंदाज होता की सुमारे २२ टक्के ग्राहक मोटारीने येतात. ग्राहकांनाच विचारलं तेव्हा आकडा निघाला जेमतेम ७ टक्के. वादाच्या बातमीत अशी एखादी ओळ आली तरी वाचकाला केवढा फरक पडेल!

सर्वांत जास्त नुकसान होतं ते अपघाताच्या बातमीत. ‘भरधाव कारच्या धडकेत सायकलस्वार ठार.’ या वाक्यात कार आपली आपणच भरधाव सुटलेली आहे, चालक कुठेच नाही. पुढच्या परिच्छेदात कळतं की सायकलस्वाराने हेल्मेट घातलं नव्हतं. त्या रस्त्यावर वेगमर्यादा किती, दिवे चालू होते का, याच चौकात याआधी किती जण गेले, हे बातमीत येत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये काही संशोधकांनी पादचारी आणि सायकलस्वारांच्या अपघातांच्या २०० स्थानिक बातम्या तपासल्या. दोषाचा रोख नकळत मार खाणाऱ्याकडे वळलेला आणि प्रत्येक अपघात सुटा, एकट्याचा असल्यासारखा लिहिलेला, असं त्यांना आढळलं. त्याच सुमारास झालेल्या दुसऱ्या प्रयोगात ९९९ जणांना पादचाऱ्याच्या अपघाताची बातमी वाचायला दिली. अपघात एकच, लिहिण्याच्या तऱ्हा तीन. चालकाला वाक्याचा कर्ता केल्यावर वाचकांनी पादचाऱ्याला कमी दोष दिला. त्या भागातल्या इतर अपघातांचा संदर्भ जोडल्यावर रस्ता सुधारण्याच्या उपायांना जास्त पाठिंबा मिळाला. बातमीदाराने दोन वाक्यं वेगळी लिहिली तर एवढं बदलतं.

आणि वर्तमानपत्रांना हे जमत नाही असं अजिबात नाही. १९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. त्याच वर्षी विक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहान मुलगी सायकलने शाळेत जाताना मोटारीखाली सापडून गेली. पुढच्या वर्षी त्याने ‘दे टैट’ या दैनिकात लेख लिहिला. शीर्षकातच मागणी होती: ‘मुलांची हत्या थांबवा’. स्वतःचं दुःख त्यात होतंच, पण त्याने बोट ठेवलं ते मोटारींसाठी आखलेल्या रस्त्यांवर आणि ते आखणाऱ्यांवर. त्याच नावाने चळवळ उभी राहिली, आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईने सरकारलाही विचार करायला लावलं. सायकलचे वेगळे मार्ग पुढच्या दशकांत टप्प्याटप्प्याने बांधले गेले. आज त्या देशात चतुर्थांशाहून जास्त प्रवास सायकलवर होतात. हे सगळं एका लेखाने घडवलं असं मी म्हणणार नाही, पण त्या लेखाने लोकांना एकत्र आणलं.

म्हणून माझी सूचना अशी की नुसतं वाचून थांबू नका. बातमीखाली बातमीदाराचं नाव असतं, बऱ्याचदा ईमेलही असतो. दोन ओळी लिहा: ही मोजणी कोणत्या रस्त्यावर, कोणत्या महिन्यात झाली, त्यात बायका किती होत्या? अपघाताची बातमी असेल तर त्या चौकातल्या आधीच्या अपघातांची माहिती मागा. मी असं लिहीत असते. सगळे उत्तर देतात असं नाही, पण जे देतात त्यांतल्या काहींनी पुढच्या बातमीत ही माहिती घातलेली मी पाहिली आहे.