सीईपी : झाडूपलीकडचे 60 तास

पदवीच्या समुदाय सहभाग प्रकल्पाबद्दल, म्हणजे सीईपीबद्दल, वाचकांनी विचारलेले प्रश्न.

प्रश्न : बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवते. सीईपीला 2 क्रेडिट आहेत. स्वच्छता मोहीम आणि पथनाट्य सोडून काय करून घेता येईल? (प्राध्यापिका, घाटकोपर)

1 क्रेडिटचे 30 तास, म्हणजे हाताशी 60 तास आहेत. झाडू मारायला रसायनशास्त्र लागत नाही. पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन तपासायला लागते. भारतीय मानकानुसार क्लोरीन घातलेल्या पाण्यात नळापाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक हवा.

तासांची वाटणी अशी करा : सराव 10, वस्तीत 30, प्रयोगशाळेत 12 आणि अहवाल लिहून वस्तीतल्या लोकांपुढे मांडायला 8. गोवंडी-मानखुर्दकडच्या वस्त्यांत पाणी ठरावीक वेळेलाच येते. ती वेळ आधी तिथल्या बायकांना विचारा, नाहीतर मुले कोरड्या नळापाशी ताटकळतील. प्रत्येक घरी दोन नमुने घ्या, एक नळाचा आणि एक पिंपाचा. नळाला क्लोरीन आहे आणि पिंपात नाही, तर पाणी किती दिवस साठते, पिंप कधी धुतात, ते विचारा. नळालाच कमी असेल तर पुन्हा तपासा आणि ठिकाण, तारीख, वेळ लिहून वॉर्ड ऑफिसच्या जलकामे विभागाला कळवा.

क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारी डीपीडी गोळी टाकून रंग जागच्या जागी पाहायचा. पाणी कॉलेजात आणेपर्यंत क्लोरीन घटतो. जुन्या किटमधले ऑर्थोटोलिडीन हे क्लोरीन तपासायचे रसायन स्वस्त असले तरी वापरू नका, ते कॅन्सरकारक असल्याचा संशय आहे.

जिवाणू तपासणीचा नमुना वेगळा घ्या. निर्जंतुक बाटलीत आधीच क्लोरीन निकामी करणारे सोडियम थायोसल्फेट असते. ती बाटली विसळायची नाही, आणि मुले हमखास विसळतात. थायोसल्फेट गेले की उरलेला क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहतो आणि खराब पाणी अहवालात चांगले ठरते. बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो 6 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा.

प्रश्न : मी एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) आहे. ते तास सीईपीत धरता येतील का? (विद्यार्थी, दादर)

नाही. एनएसएसचे वर्षाला 120 तास वेगळे, सीईपीचे वेगळे. वस्ती तीच असली तरी चालेल. एकच काम दोन नोंदवह्यांत नको.

प्रश्न : आमची संस्था लहान आहे. कॉलेज एकदम 40 मुले पाठवते आणि परीक्षा जवळ आली की सगळी गायब होतात. काय करावे? (कार्यकर्ती, धारावी)

सरळ नाही म्हणा. तुमच्या एका कार्यकर्त्यामागे सहाच मुले, असे कॉलेजला लेखी कळवा. त्याच पत्रात काम कोणते, वार आणि वेळ कोणती, शेवटचा दिवस कधी, कॉलेजातून कोणाला फोन करायचा आणि काम कोणाच्या हाती सोपवून जायचे, हे लिहून घ्या. एका सत्रापुरत्या येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना शिकवणीचे काम देऊ नका. लहान पोरांना ताईची सवय होते आणि सत्र संपताच ताई यायची बंद होते. रखडलेली यादी करणे, वाचनालयाची नोंद, सर्वेक्षण अशी संपणारी कामे द्या. लहान मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोत, कॉलेजच्या अहवालासाठीसुद्धा.

प्रश्न : 50 गुण कसे वाटायचे? सगळ्यांनाच 45 पडतात. (विभागप्रमुख, अंधेरी)

हजेरी आणि फोटोंवर गुण दिले की असेच होते. हजेरी ही अट ठेवा, तिला गुण नकोत. मग नोंदवहीला 15, आकडेवारीच्या अचूकपणाला 15, संस्थेच्या अभिप्रायाला 10 आणि तोंडीला 10 द्या. नोंदवहीत दर भेटीला तीन गोष्टी हव्यात : काय पाहिले, अभ्यासक्रमातल्या कोणत्या भागाशी त्याचा संबंध लागला आणि कुठे लागला नाही. 'खूप शिकायला मिळाले' याला शून्य. तोंडी परीक्षेत नोंदवहीतला कुठलाही एक आकडा दाखवा आणि तो कुठल्या नळाचा, किती वाजता घेतला ते विचारा. गटातल्या सगळ्यांनी एकाच्या वहीतून उतरवले असेल तर ते तिथेच कळते.