साहेब नको, भोई बघ

डच प्रवासी लिन्स्खोटेनची गोव्यावरची चित्रं बघायला घेतलीस, बरं झालं. पण नजर आधी पालखीतल्या साहेबावर टाकू नकोस. पालखीचा दांडा खांद्यावर घेतलेले भोई बघ, छत्री धरणारा पोऱ्या बघ. लिन्स्खोटेन १५८३ ते १५८८ गोव्यात होता. त्याची चित्रं छापायच्या तांब्याच्या प्लेटी मात्र नेदरलँड्समध्ये कोरल्या गेल्या, १५९६ साली छापल्या. म्हणूनच आपल्या भोयांचे दंड मला तरी युरोपी पुतळ्यासारखे वाटतात!

आणखी एक. प्लेटवर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, तेव्हा कोणी डावखुरा दिसला तर लगेच वहीत टिपू नकोस.

असं जुनं छापील चित्र विकत घेताना कडेने हलकेच बोट फिरव, अस्सल असेल तर प्लेट दाबल्याची खोलगट खूण बोटाला लागते. मी एकदा घाईत पैसे मोजले. घरी येऊन चाचपतो तर कागद सपाट, साधी ऑफसेट यंत्रावर छापलेली नक्कल.