खाडीतले साप पाहायला निघण्याआधी

प्रिय पोरा,

तापीकाठचे दिवड आणि केळीच्या बागेतले नाग तू लांबून, न डिवचता पाहायला शिकलास. आता कांदळवनातले साप पाहायचे म्हणतोस, तर जरूर जा. आपल्याकडे साप शोधताना नजर ऊन, दगड आणि पाचोळ्याच्या ढिगाकडे जाते. खाडीत मात्र आधी भरतीचं वेळापत्रक पाहायचं. तिथले साप पाण्याबरोबर जागा बदलतात, आणि तुझी परतीची वाटही पाण्याच्याच हाती असते.

भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा मुंबईकडे पाणी संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास सगळ्यात खाली जातं, चिखल दूरवर उघडा पडतो आणि कुत्र्यासारख्या तोंडाचा पाणसाप खेकड्यांच्या बिळांतून बाहेर येऊन डबक्यांतले मासे धरू लागतो. त्याचं विष सौम्य, दात जबड्यात मागे. सुरुवात यानेच कर. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोच आणि पाणी वळलं की थांबू नकोस. सहा तासांच्या भरतीतलं निम्मं पाणी मधल्या दोन तासांत चढतं, आणि लहान ओहोळ मागच्या बाजूने आधी भरतात. माणूस अडकतो तो तिथेच.

चिखलात उतरूच नकोस. गमबूट रुतला की पाय निघतो, बूट राहतो. तोल सावरायला हात टेकतो तिथे काय आहे ते दिसत नाही. शिवाय तिवराची वर आलेली श्वसनमुळं पायाखाली मोडतात. बांधावरून किंवा लाकडी वाटेवरून पाहा. पहिल्यांदा ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जा, आणि इतरत्र जायचं तर आधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे परवानगीची चौकशी कर. आठ पट दुर्बीण, दोन टॉर्च आणि एक जाणता सोबती हवाच. बांधाच्या गवतात नाग आणि घोणसही असतात, म्हणून पाऊल टाकण्याआधी तिथे उजेड टाक. कोणत्याही सापापासून तीन मीटर तरी लांब राहा.

सगळ्यात जपून राहायचं ते समुद्री सापापासून. शेपूट वल्ह्यासारखी उभी चपटी दिसली की ओळख पटली. खाडीच्या तोंडाशी तो मासेमारीच्या जाळ्यात येतो. काठावर निपचित पडलेला दिसला तरी मेला असं धरू नकोस, पाण्यात ढकलायलाही जाऊ नकोस. त्याचा दंश बहुतेकदा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही, म्हणून लोक घरी बसतात. अर्ध्या तासापासून काही तासांत अंग आखडतं, स्नायू दुखतात, पुढे लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, समुद्री सापावर नाही. त्यामुळे निघण्याआधीच व्हेंटिलेटर आणि डायलिसिस असलेलं जवळचं रुग्णालय शोधून पत्ता कागदावर लिही. खाडीत मोबाईलला रेंज असेलच असं नाही. दंश झालाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी-घड्याळ काढ, तो हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेव, चालू नकोस, १०८ ला फोन करायला सोबत्याला सांग. ओळख पटवण्यासाठी साप मारून नेऊ नकोस. लांबून काढलेला फोटो पुरतो.

गुजरात-महाराष्ट्राची भरती एका वेळी येत नाही, तेव्हा तक्ता ज्या बंदरावर जाशील त्याचाच घे.

तुझा,
काका