मी कधी ‘हो’ म्हटलं होतं?

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या लेखिका लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या राज्यशास्त्राच्या शिक्षिका आहेत.

प्रश्न : मॅडम, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पुस्तकात आहे की शासनाची सत्ता जनतेच्या संमतीवर उभी असते. आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, “माझ्या बापाला कोणी विचारलं नाही, मलाही नाही.” मलाही कोणी विचारलेलं नाही. अठरा पूर्ण झाली, यादीत नाव आलं, संपलं. मी सही कुठं केली? परीक्षेत काय लिहायचं ते पाठ आहे. खरं काय ते सांगा.
— एक वाचक, रेणापूर तालुका

उत्तर : परीक्षेत पुस्तकातलंच लिही, उगाच मार्क घालवू नकोस. तुला ‘तू’ म्हणते, कारण आयुष्यभर तुझ्याच वयाची लेकरं समोर बाकावर होती.

पुस्तकातलं ते वाक्य बरंचसं जॉन लॉक ह्या इंग्रज विचारवंताचं आहे. त्याच्या आधी हॉब्ज हा दुसरा इंग्रज विचारवंत होऊन गेला. १६५१ साली त्यानं लिहून ठेवलं की भीतीपोटी दिलेला शब्दही शब्दच. जीव वाचवायला जो जिंकणाऱ्यापुढं वाकला, त्यानं संमती दिली असं धरायचं. लॉकला हे पटलं नाही. १६८९ साली त्यानं म्हटलं की माणसं जन्मतः मोकळी आणि बरोबरीची असतात, आपण होऊन मान्य केल्याशिवाय कुणी कुणाच्या सत्तेखाली येत नाही. आणि पुढं तो जे म्हणतो ते तुझ्याच उपयोगाचं आहे. कोणतंही लेकरू कुठल्याच सरकारची प्रजा म्हणून जन्माला येत नाही, आणि बापानं दिलेला शब्द मुलाला बांधत नाही. म्हणजे तुझ्या पणजोबांनी शंभर सह्या केल्या असत्या तरी तू मोकळाच.

इथं लॉक अडचणीत आला. प्रत्येक पिढीनं नव्यानं ‘हो’ म्हणायचं, आणि विचारायला तर कुणीच जात नाही. मग त्यानं मूक संमती काढली. ज्याची जमीन त्या राज्यात आहे, जो तिथं आठवडाभर मुक्कामाला आहे, इतकंच काय, जो तिथल्या रस्त्यानं नुसता चालला आहे, त्यानं न बोलता मान्य केलं असं समजायचं. पुरता सभासद व्हायला उघड शब्द द्यावा लागतो हेही त्यानं सांगितलं आहे, ते सोडून देऊ नये. पण कायदा पाळायला मूक संमती पुरे. ह्या हिशेबानं तू रेणापूरहून लातूरच्या एसटीत बसलास की काम झालं. वर्गात हे शिकवताना मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न यायचा : “मॅडम, रस्त्यात खड्डे असले तर अर्धीच संमती का?” प्रश्न वात्रट होता, पण वाईट नव्हता.

मला ती मूक संमती पोरगी पाहायच्या कार्यक्रमातल्या मामासारखी वाटते. पोहे होतात, पोरगी खाली मान घालून बसते, आणि मामा बैठकीत जाहीर करतात, “ती काही बोलली नाही म्हणजे तिला पसंत आहे.” त्या घरात तिला ‘नाही’ म्हणायची सोय होती का, हे मामा बघत नाहीत.

डेव्हिड ह्यूम ह्या स्कॉटिश विचारवंतानं १७४८ साली हेच बोट ठेवलं. तो म्हणतो, एखाद्याला झोपेत जहाजावर आणून टाकलं, आता उडी मारली तर समुद्रात मरण आहे, आणि तुम्ही म्हणता की जहाजावर राहतो म्हणजे कप्तानाची सत्ता त्यानं राजीखुशीनं मानली? ज्या गरीब शेतकऱ्याला परक्या मुलखाची भाषा येत नाही, रीत माहीत नाही, रोजच्या मजुरीवर पोट आहे, तो देश सोडून जायला मोकळा आहे असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि राज्यं करारानं उभी राहिली हेही ह्यूमला मान्य नाही. बहुतेक राज्यं चढाईनं नाहीतर बळकावून आली. इतिहास उघडून बघा, म्हणतो.

आता आपला इतिहास उघडू. माझ्या आजोबांचं घर उदगीर तालुक्यात. ते एकाच ओसरीवर बसून राहिले आणि वरचं राज्य बदलत गेलं. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, आपण हैदराबादच्या निजामाकडेच राहिलो. नोव्हेंबरात भारत आणि निजाम ह्यांच्यात जैसे थे करार झाला. रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचा, जोर वाढला. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी आपल्या लातूरलाच वकिली करायचा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा आत आल्या, १७ ला निजामानं शरणागती जाहीर केली. मग लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी, १९५२ साली हैदराबाद राज्याचं निवडून आलेलं मंत्रिमंडळ, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र.

ह्यात आजोबांना विचारलं कधी? संविधान सभेत हैदराबाद संस्थानाचा एकही प्रतिनिधी नव्हता. ‘आम्ही, भारताचे लोक’ हे शब्द मंजूर झाले तेव्हा मराठवाड्याच्या तेव्हाच्या पाच जिल्ह्यांच्या वतीनं हात वर करायला तिथं कुणी नव्हतं. बाकीच्या प्रांतांचे सदस्य तरी कुठं सगळ्यांच्या मतांवर आलेले होते? ज्यांनी त्यांना निवडलं ते प्रांतांचे आमदार, आणि त्या आमदारांना मत देण्याचा हक्क मोजक्या लोकांना. आपल्याकडं १९४९ च्या नोव्हेंबरात निजामानं फर्मान काढलं की भारताचं संविधान हैदराबादला लागू राहील. ज्यानं सबंध कारकिर्दीत रयतेला कधी विचारलं नाही, त्यानंच शेवटी रयतेच्या वतीनं होकार कळवला. मला ह्याचं अजून हसू येतं.

पण म्हणून आपली फसगत झाली असं मी म्हणणार नाही. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी असताना लोक सत्याग्रह करून तुरुंगात गेले. वंदे मातरम् म्हटलं म्हणून पोरांना कॉलेजातून काढलं. स्टेट काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या मागं माणसं उभी राहिली, सरहद्दीपलीकडं बार्शीच्या बाजूला कॅम्प पडले. ह्या लोकांनी आधी निजामाला ‘नाही’ म्हटलं, आणि तेही ‘नाही’ म्हणणं गुन्हा असताना. १९५२ ला माझे आजी-आजोबा मतपेटीपुढं रांगेत उभे राहिले, ती त्यांना पहिल्यांदा झालेली विचारणा. तोवर राज्य येऊन बसलेलंच होतं, हे खरं.

तेव्हा तुझी सही तुला सापडणार नाही, शोधू नकोस. ती सुरुवातीला कुठंतरी झालेली असते ही कल्पना मी सोडून दिली. मी एवढंच तपासते की घर, जमीन, गाव न सोडता, कुणाची मेहेरबानी न गमावता माणसाला ‘नाही’ म्हणता येतं का, आणि ते मोजलं जातं का. येत असेल तर त्याच्या गप्प राहण्याला काही अर्थ आहे. निजाम इथं नापास. आजचं राज्य पास आहे, पण पैकीच्या पैकी नाही. ग्रामसभेत हिशेब विचारला तर घरकुलाच्या यादीतून नाव जाईल, ही धास्ती ज्या गावात आहे, तिथं सगळ्यांनी एकमतानं वर केलेले हात मी संमती म्हणून मोजत नाही. कुठलं गाव ते तुला माहीत असेलच.

प्रश्न : आई-वडील ऊसतोडीला जातात. गेल्या विधानसभेच्या मतदानाला ते कारखान्याच्या फडावर होते. मग ह्या सरकारला त्यांची संमती आहे असं म्हणायचं का?
— बारावीतली विद्यार्थिनी, बीड जिल्हा

उत्तर : नाही. मत पडलं नाही म्हणजे हरकत नाही, असा अर्थ काढायचा कुणाला अधिकार नाही.

ह्यूमचा तो शेतमजूर तुझ्या घरातच आहे. तुझ्या आई-वडिलांनी मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ उचल घेतली, म्हणजे कागदावर त्यांनी ‘हो’ म्हटलं. ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. हॉब्जला विचारलं तर तो म्हणेल, शब्द दिला ना, मग पाळा. मला विचारशील तर गरजेच्या गळफासात दिलेला शब्द आणि मोकळेपणी दिलेला शब्द एका तराजूत घालायचे नाहीत, मग तो मुकादमाला दिलेला असो की सरकारला.

कायद्याची बाजू अशी. नाव जिथल्या यादीत, मत तिथंच. सैनिकांना, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांना, ८५ च्या पुढच्या वृद्धांना टपाली मतदानाची सोय आहे. हंगामी मजुरांना नाही. बाहेरगावी असलेल्यांना मत देता यावं म्हणून दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना तयार केल्याचं निवडणूक आयोगानं २०२२ च्या अखेरीस जाहीर केलं होतं, पण ते मतदानात आलेलं नाही. मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला ठेवलं गेलं, आणि तेव्हा तोडीच्या टोळ्या कुठं असतात हे आपल्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक. कुणी उमेदवार गाडी पाठवून आणतो म्हणे. मग ते मत कुणाचं झालं, मजुराचं की गाडीवाल्याचं, ह्यावर तुमच्या वर्गात वाद घडवून आणा. शिक्षकांना माझं नाव सांग.

एक मात्र मनात धर. त्यांनी मत दिलं नाही म्हणून सरकारची त्यांच्याविषयीची जबाबदारी कमी होत नाही. रेशन, दवाखाना, तुझी शाळा ही मताच्या बदल्यात मिळालेली बक्षिसं नव्हेत.

प्रश्न : आम्ही वर्गात शिकवलं की एक भाषा, एक संस्कृती, एक इतिहास म्हणजे राष्ट्र. परवा १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला नातवानं विचारलं, “आजोबा, आपण आधी दुसऱ्या देशात होतो का?” काय सांगावं? शिवाय हल्ली सरकारला बोललं की राष्ट्राला बोलला म्हणतात.
— निवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर : सर, नातवाला सांगा की दुसऱ्या राज्यात होतो. निजामाकडं राज्याला लागतं ते सगळं होतं : स्वतःचा हाली सिक्का, टपालाची तिकिटं, रेल्वे, फौज. १९४८ च्या ऑगस्टात त्यानं आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपर्यंत नेलं. एवढं असून राष्ट्र काही उभं राहिलं नाही, कारण तेलंगणातल्या, कर्नाटकातल्या आणि आपल्या माणसांना एकत्र ‘आपण’ म्हणावं असं वाटायला लावणारं त्यात काही नव्हतं. होती ती एकाच दरबाराची रयत.

तुमच्या व्याख्येबद्दल बोलते, राग मानू नका. मीही काही वर्षं तीच फळ्यावर लिहिली. भाषेनं राष्ट्र ठरत असेल तर देगलूर-उदगीरकडची कानडी, किनवट-बिलोलीची तेलुगू, गावोगावची दखनी आणि तांड्यांवरची गोरमाटी मिळून आपल्या मराठवाड्यातच चार-पाच राष्ट्रं निघतील. फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनाँनं १८८२ साली सॉर्बोनमधल्या व्याख्यानात हे सगळे निकष एकेक करून बाजूला काढले. वंश नको, भाषा नको. स्वित्झर्लंडात तीन-चार भाषा नांदतात, आणि इंग्लंड-अमेरिकेची भाषा एक असून राष्ट्रं दोन. त्याच्या मते राष्ट्र म्हणजे एकत्र काही केल्याची आठवण आणि पुढंही एकत्र राहायची इच्छा, रोज नव्यानं घेतलेला कौल.

रोजचा कौल म्हटलं की मला १९७८ आठवतं. तेव्हा मी कॉलेजात होते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव जुलैत विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं पेटली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ज्याचं घर जळलं त्याला त्या दिवशी तुम्ही राष्ट्राबद्दल कौल विचारणार होता का? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत हेच विचारलं होतं की हजारो जातींत वाटलेले लोक राष्ट्र कसे होतील. आपण राष्ट्र आहोत असं मानणं हा भ्रम आहे, असं ते म्हणाले.

रेनाँशी एका बाबतीत माझं भांडण आहे. राष्ट्र टिकायचं तर बरंच विसरावंही लागतं, असं तो म्हणतो. १९४८ च्या सप्टेंबरनंतर उस्मानाबाद, नांदेड ह्या भागांत मुसलमान वस्त्यांवर जे गुजरलं त्याची चौकशी पंडित सुंदरलाल समितीनं केली, आणि अहवाल कित्येक वर्षं प्रसिद्धच झाला नाही. रझाकारांचे अत्याचार झेंडावंदनाला सांगतात, आणि सांगायलाच पाहिजेत. हे कुणी सांगत नाही. ज्यांच्यावर बेतलं त्यांनी विसरायचं आणि बाकीच्यांनी भाषणं करायची, ही वाटणी मला मान्य नाही. नातू थोडा मोठा झाला की दोन्ही सांगा.

सरकार आणि राष्ट्र ह्यांतला फरक तर परभणीच्या माणसाला मी काय सांगावा! निजामाच्या सरकारविरुद्ध उभे राहिलेले देशद्रोही होते, असं १७ सप्टेंबरला कुणी म्हणतं का?

प्रश्न : नोटाला (‘वरीलपैकी कोणीही नाही’ ह्या बटणाला) सगळ्यांत जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : लोकसभा-विधानसभेत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानं नोटाचं बटण आलं, पण नोटा पहिला आला तरी त्याच्या खालोखाल मतं मिळालेला उमेदवार निवडून येतो. नगरपालिका-महानगरपालिकांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये आदेश काढला की नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची. तुमच्या शेजारच्या लातूर ग्रामीण मतदारसंघात २०१९ ला नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांहून जास्त मतं घेऊन. ती कुणी, का दिली ह्यावर मोंढ्यात अजून वाद चालतो. रेणापूर त्याच मतदारसंघात येतं, म्हणून पहिला प्रश्न पाठवणाऱ्यानं त्यातल्या चार जणांना गाठून विचारावं आणि मला कळवावं.